दोन श्रावण

फोटोच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं होती आणि भोकांभोवती गंजाचा तांबूस डाग... मालवणच्या खाऱ्या हवेत वर्षभर राहिलेल्या टाचणीचं दुसरं काय होणार! गुरुदासनं टाचणी उपटून फेकली आणि फोटो उजेडात धरला. कोट सावंतवाडीच्या फोटोवाल्याचा, टायही त्याचाच. अंगाला बसावा म्हणून कोट पाठीमागून चिमट्यांनी आवळलेला. समोरून बॅरिस्टर, मागून वाळत घातलेलं धुणं. तरी चेहऱ्यावर केवढा विश्वास! अमेरिकेच्या वकिलातीनं हा फोटो गेल्या वर्षी नकाराच्या पत्राबरोबर परत पाठवला होता. चेहरा तोच होता, अर्ज मात्र नवा. तेव्हा तो तीन महिन्यांचा प्रवासी म्हणून जाणार होता, आता दोन वर्षांचा विद्यार्थी म्हणून.

विद्यार्थी, तोही कशाचा, तर मत्स्यशास्त्राचा. तिकडच्या कॉलेजाचं प्रवेशाचं पत्र आलं आणि बातमी दोन दिवसांत बाजारात पोचली. शेवंती माशांची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती, ती भर बाजारात ओरडली, "गुरू मास्तर, माशे शिकाक अमेरिकेक? हयसर बस माज्या फुड्यात, चार दिवसांत शिकयतंय!" सगळा बाजार हसला, गुरुदासही हसला. हायस्कुलात चार वर्षं पोरांना रसायन शिकवलेला माणूस असल्या हसण्यानं डगमगत नाही... आणि खरं सांगायचं तर तो तेव्हा फार खुशीत होता. पत्र खिशात होतं.

यापूर्वी नकार मिळाला आहे काय? – होय. हे त्यानं नव्या अर्जात झटकन लिहिलं. पुढचा प्रश्न – शिक्षण संपल्यावर स्वदेशी परतण्याचा इरादा आहे काय? इथं पेन थांबलं. बाहेर खळ्यात आई, काशीबाई, कोकमाची सोलं उलटीपालटी करत होती. मे महिन्याच्या उन्हात तो आंबट वास थेट पडवीपर्यंत येत होता. अगदी साधा प्रश्न, एका शब्दाचं उत्तर. गेल्या वर्षी ह्याच प्रश्नाला त्यानं किती लांबलचक उत्तर दिलं होतं – आणि तेच अंगाशी आलं होतं!

तेव्हा तो लवूला आणायला निघाला होता. लवू, त्याचा थोरला भाऊ, अठ्ठावन्न साली खलाशी म्हणून गेला आणि न्यूयॉर्कला बोट सोडून तिथंच राहिला. दर वर्षी पत्र येई, 'येत्या चतुर्थीस नक्की येतो.' दर वर्षी काशीबाई चतुर्थीला लवूचे मोदक वेगळे काढून ठेवी आणि तिसऱ्या दिवशी शेजारणीला देऊन टाकी. शेवटी तिनंच म्हटलं, जा आणि कान धरून घेऊन ये. अर्जात परतीची तारीख लिहायची होती. गुरुदासनं भिंतीवरच्या आदल्या वर्षाच्या कॅलेंडरात बघितलं, चतुर्थी तीस ऑगस्टला होती, म्हणून त्यानं लिहिलं – अठ्ठावीस ऑगस्ट. चतुर्थीच्या आधी दोन दिवस घरी, गणपतीवरची माटवी बांधायला. आपल्याकडचा कोण माणूस दुसरी तारीख लिहील?

पण तो मुलाखतीसाठी मुंबईला निघाला त्या दिवशी काशीबाई एस्.टी.पर्यंत सोडायला आली आणि गाडी सुटता सुटता खिडकीशी म्हणाली, "गुरू, भटजी सांगी होतो, औंदा दोन श्रावण आसत. चतुर्थी सप्टेंबरात गेली. घाई करू नको हां. लवूक घेवनच ये."

आणि त्या थंडगार खोलीत साहेबानं विचारलं, केव्हा परतणार? गुरुदास सरळ मनानं म्हणाला, सोळा सप्टेंबर. साहेबानं अर्ज बघितला – इथं तर ऑगस्ट आहे. मग गुरुदास समजावू लागला... मास्तरच तो. चांद्रमास, सौरमास, दर तिसऱ्या वर्षी येणारा अधिक महिना. यंदा श्रावण दोनदा येतो, त्यामुळे गणपती पुढे जातो, आणि गणपतीला आम्ही घरी जातोच, साहेब, जग इकडचं तिकडे झालं तरी जातोच. साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, तुमचा भाऊही जातो का? अर्जात लवूचं नाव, पत्ता, सगळं होतं. साहेबानं पेनाला टोपण लावलं.

आईला त्यानं दोन श्रावणांचं काही सांगितलं नाही. कागद कमी पडले म्हणाला. तिच्या त्या खिडकीशी बोललेल्या मायेच्या चार शब्दांनी घोटाळा केला, हे तिला कशाला कळायला हवं?

पण खोटं नव्हतं हो त्यात काही, गुरुदास मनातल्या मनात साहेबाला सांगू लागला. तेव्हा मी खरंच येणार होतो... मी तर पाण्यात पडल्यावर मासा जितका सहज पोहतो तितक्या सहज परत आलो असतो. लवू गेला त्या वर्षी मी सोळाचा, गणपती आणायचं माझ्याकडे आलं. तोवर दर वर्षी लवूच आणी. घरचा पाट नागपंचमीला गणपतीच्या शाळेत, मूर्तिकाराकडे, नेऊन द्यायचा, मूर्ती त्याच पाटावर घडवून घ्यायची आणि चतुर्थीला डोक्यावरून घरी आणायची. तो शेताच्या निसरड्या मेरेवरून, बांधावरून, चालायचा आणि मी पुढे उलटा चालत त्याच्या पायांकडे बघत सांगायचो, "दादा, हय चिखल आसा... हय दगड..." आणि तो वर न बघता म्हणायचा, "तू फुडे आसस मां? मगे माका काय होवचा नाय." माझ्या पहिल्या वर्षी माझ्यापुढे उलटं चालायला कोणी नव्हतं. केवढं जड वाटलं होतं ते डोक्यावरचं ओझं, आणि घरात शिरताना आईनं पायांवर पाणी घातलं तेव्हा रडूच आलं होतं.

आणि आता? आता हेडमास्तरांचं पत्र होतं की जागा राखून ठेवू. कॉलेज सुरू होण्याची तारीख होती, संपण्याची होती. ह्या वेळी पंचांगाचा संबंधच नव्हता. सगळं कसं चोख! फक्त हल्ली रात्री डोळे मिटले की त्याला तिकडची खोली दिसे, टेबल, दिवा, काचेच्या बरण्या... आणि त्या चित्रात परतीचा रस्ता कुठं दिसत नसे. खरं बोललो तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. आता विश्वास ठेवतील, आणि आता मात्र...

"जेवक येतंस मां?" काशीबाई पदरानं हात पुसत पडवीत आली. फॉर्मकडे तिनं बघितलं नाही. खांबाला टेकून बसली आणि उन्हाकडे बघत म्हणाली, "पाट शंकराकडे दिलंय."

शंकर म्हणजे वाडीतला चुलतभाऊ. गुरुदासला आधी कळलंच नाही. "कसलो पाट?"

"गणपतीचो. तोच शाळेत देतलो आणि तोच घरात हाडतलो."

"आताच? चतुर्थीक अजून चार म्हयने आसत."

"असूंदेत. त्येच्याच घरात ठेव म्हटलंय. दर वर्सा कोण मागूक जातलो?"

दर वर्सा. गुरुदासनं पेन खाली ठेवलं. "आये, दोन वर्सांचोच प्रश्न आसा. मी येतलंय."

"ये मरे," ती म्हणाली. "तुका कोण नको म्हणता?" आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल, आमटी निवता."

ती आत गेली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. उद्याला तांदूळ भिजत घालायचे आहेत असं सांगावं इतका साधा आवाज. नऊ वर्षं तिनं लवूला प्रत्येक पत्रातून विचारलं – चतुर्थीला येतोस ना? गुरुदास मुंबईला दोन दिवसांसाठी गेला तरी विचारी. आज तिनं विचारलं नाही. तो ठरवण्याआधीच तिनं ठरवून टाकलं होतं, पाट देऊन मोकळी झाली होती, आणि त्याला शब्दानं अडवलं नव्हतं... हेच तर त्याला हवं होतं ना? घरातून कोणी पाय ओढू नये, रडारड होऊ नये – देवाला हेच मागितलं होतं की.

त्यानं पेन उचललं आणि 'होय' लिहिलं. अक्षर सुरेख आलं. खोटं असतं तर हात थोडा तरी अडखळला असता, असं त्याला वाटलं. मग वाटलं, लवूच्या पत्रांतलं अक्षरही दर वर्षी असंच सुरेख असे. आतून ताट ठेवल्याचा आवाज आला. तो तसाच बसून राहिला. ह्या वेळी नकार येणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं – आणि समजा आलाच तर, हा विचार मनात आला तेव्हा छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. आता आपल्याला घरी ठेवणारा तेवढा नकारच उरला आहे, हे कळल्यावर मात्र त्याला भर दुपारी, घरच्या पडवीत, आई हाकेच्या अंतरावर असताना, फार भीती वाटली.