एकेचाळीस माणसं, सात मिनिटं

कर्वेनगरातल्या संजीवन सोसायटीत दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये चहा होतो. चहाबरोबर खायला बिस्किट असतं, नाहीतर शेजारी. त्या रविवारी बिस्किटं संपली होती.

"काय रे भूषण, आपली आमू अजून आपत्तीच शिकतेय का?" उत्तरेश्वरनं विचारलं.

उत्तरेश्वरचं दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं, पण त्याचा खरा धंदा खोड्या काढणं हा होता. वय त्रेपन्न. सुधारण्याची आशा बायकोनं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सोडली होती.

"आपत्ती व्यवस्थापन म्हणतात त्याला," बुद्धभूषण म्हणाला. तो नागपूरकडचा, खडकीला कारखान्यात कामाला, आणि वीस वर्षं उत्तरेश्वरच्या बरोब्बर खालच्या घरात राहणारा. "तुझ्याखाली राहून निम्मा अभ्यासक्रम तिचा घरीच झालाय."

"ते सोड. आग रोज लागत नाही, पूर रोज येत नाही. मग बाकीचे दिवस पोरगी पगार कशाचा घेणार?"

आता गंमत अशी, की हाच प्रश्न बुद्धभूषण स्वतः घरी आठवड्यातून तीनदा विचारायचा. पण आपल्या पोरीला आपण बोलणं वेगळं आणि वरच्या मजल्यावरच्यानं बोलणं वेगळं. त्यानं कप खाली ठेवला.

"पुढच्या रविवारी तिची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. ह्याच बिल्डिंगमध्ये. भोंगा वाजला की सात मिनिटांत सगळी माणसं खाली. एकेचाळीसच्या एकेचाळीस."

उत्तरेश्वरला ठसका लागला. "ही माणसं? सात मिनिटांत? अरे, कुलूप तीनदा ओढून बघितल्याशिवाय इथला माणूस यमाबरोबरसुद्धा निघायचा नाही. आणि यमाला खाली उभं करून चौथ्यांदा ओढायला वर जाईल."

सगळे हसले, कारण ते खरं होतं. हसणाऱ्यांतले दोघं तर चहाला येतानाच परत वर जाऊन कुलूप ओढून आले होते.

"लाव पैज," बुद्धभूषण म्हणाला.

"लावली. काय द्यायचं?"

बुद्धभूषणनं जरा विचार केला. "हरेल त्याला डोक्यापासून पायापर्यंत बँडेज गुंडाळायचं. स्ट्रेचरवर टाकायचं. संध्याकाळी सहाला, गर्दीच्या वेळी, भाजीच्या गाड्यांपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. आणि जो कुणी विचारेल काय झालं, त्याला सांगायचं. मी हरलो तर सांगीन, उत्तरेश्वर शहाणा आहे. तू हरलास तर सांगायचं, मी पैज हरलो, आणि आमची आमू हुशार आहे."

"प्रत्येकाला?"

"प्रत्येकाला. आणि एक अट. तू मध्ये खोडी काढायची नाहीस."

"मला काढायची गरजच नाही," उत्तरेश्वर म्हणाला. "कुलपं आहेत ना."

बुधवारी संध्याकाळी आमूनं, म्हणजे बुद्धभूषणच्या आम्रपालीनं, आधी एकदा सराव घेतला. वर्गातली सहा मुलंमुली नारिंगी जाकिटं घालून जिन्यात उभी राहिली, हातानं फिरवायचा भोंगा ओरडायला लागला. उत्तरेश्वर दुकान लवकर बंद करून पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसला होता, सर्कस बघायला बसावं तसा.

बारा मिनिटांत तीन माणसं उतरली. त्यातलं एक दूध आणायला चाललं होतं.

बाकीची बिल्डिंग काय करत होती, तर गॅलरीत येऊन खाली उत्तरेश्वरला बघत होती आणि आत जात होती. तिसऱ्या मजल्यावरून मुक्ताई आजींनी ओरडून सांगितलं, "उत्तऱ्या, पुरे झालं. मालिका चालू आहे माझी."

भोंगा म्हणजे उत्तऱ्याचीच खोडी, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यानं एकदा पार्किंगमधून नुसतं "गाड्या उचलतायत" म्हणून हाळी दिली होती, तेव्हा टोइंगच्या भीतीनं अडीच मिनिटांत सगळी सोसायटी आपापल्या स्कूटरला मिठी मारून उभी होती. कुणी अर्ध्या दाढीत, कुणी टॉवेलवर. ते लोक विसरले नव्हते.

उत्तरेश्वर पोट धरून हसला. हसत हसत वर निघाला, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबला. आम्रपाली पायरीवर बसली होती. रडत नव्हती. मांडीवर वही घेऊन लिहीत होती, आणि पेन इतकं दाबत होती की कागद फाटला होता.

"आमू, अगं सराव होता. मनाला काय लावून घेतेस."

"काका, चूक माझीच आहे. मी नुसती नोटीस लावली. कुणाच्या घरी गेलेच नाही." तिनं पान उलटलं. "चाकणच्या एका कारखान्यात आपत्कालीन पथकात जागा आहे. वर्गातून एकालाच बोलावणार. कोणाला, ते सर रविवारच्या परीक्षेवरून ठरवणार. नाही मिळाली तर बाबा म्हणतात खराडीला दादाच्या कंपनीत फोन घ्यायला बस."

"तेही काही वाईट नाही."

"वाईट नाहीच. पण मला हे हवंय." मग वही मिटून म्हणाली, "माझी आत्या नदीकाठच्या वस्तीत राहायची ना. पाणी शिरलं तेव्हा मी तिथंच होते, सातवीत. पाणी गुडघ्याला लागलं तरी आत्या कपाटाची किल्ली शोधत होती. मी हात धरून ओढत होते आणि ती म्हणत होती, थांब गं, एवढं कुलूप लावू दे. एका काकांनी खांद्यावर घातलं म्हणून आम्ही निघालो. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. माणूस निघत का नाही?"

  उत्तरेश्वरनं त्याला जमतं ते केलं.

"मग मी सांगतो तुला आयडिया. रविवारी मी खालून ओरडतो, गाड्या उचलतायत म्हणून. अडीच मिनिटं. पैज गेली खड्ड्यात."

ती हसली, पण मान हलवली. "नको काका. आमचे सर म्हणतात, धोक्याची सूचना एकदा खोटी दिली की पुढची खरीसुद्धा खोटीच. आज बघितलंत ना तुम्ही."

ती उठून कामाला लागली. उत्तरेश्वर मात्र त्या रात्री दोनदा उठून पाणी प्यायला. बायकोनं विचारलं पोट बिघडलंय का, तर हो म्हणाला.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार आम्रपाली दारोदार हिंडली. प्रत्येक घरात चहा नाकारला, आणि नकार न चालल्यामुळे प्यायली. विचारायची एवढंच, की निघताना तुम्ही कशासाठी थांबाल? गॅस, गोळ्या, चष्मा, सगळं लिहून घेतलं. आणि सोळाच्या सोळा घरांतून एकच उत्तर आलं, कुलूप. तेव्हा तिनं लोकांशी वादच घातला नाही. तिनं ठरवलं, कुलूप लावायचंच नाही. दार नुसतं ओढून घ्यायचं. प्रत्येक मजल्यावर तिच्या वर्गातला एक मुलगा किंवा मुलगी पहारा देईल, आणि मजल्यावरच्यांनी त्यांना आधी बघून, नावगाव विचारून, पास करायचं. शनिवारी तसा कार्यक्रमच झाला. दुसऱ्या मजल्यानं पहाऱ्याच्या मुलाची तोंडी परीक्षा घेतली, कुठला, काय शिकतोस, शाकाहारी का. तो पास झाला. परीक्षेच्या वेळी खरी आग नसते, म्हणून पहारा चालतो. खरी लागली तर काय, हेही तिनं त्यांना सांगितलं. निदान दार ओढून बाहेर पडायची सवय तरी लागेल.

उत्तरेश्वर जिन्यातून हे बघत होता. पैज हातातून चाललीय हे त्याला दिसत होतं, आणि मजा म्हणजे वाईट वाटत नव्हतं. फक्त कुणाला सांगायचं नव्हतं.

रविवारी अकराला परीक्षक सर आले. किरकोळ बांधा, पायात जाड बूट, तोंडावर कसलाच भाव नाही. त्यांनी घड्याळ काढलं. भोंगा वाजला.

आणि बिल्डिंग निघाली. दारं धाडधाड ओढली गेली, चपला वाजल्या, कुणी लिफ्टकडे बघितलंसुद्धा नाही. तळमजला, पहिला, दुसरा. उत्तरेश्वर तिसऱ्या मजल्यावर आपल्या दारात उभा राहून ऐकत होता. बायको केव्हाच उतरली होती. हा कुलपाकडे हात नेणार, इतक्यात समोरच्या दारातून आवाज आला.

"मी येणार नाही. मला माहीत आहे हे कोणाचं आहे."

मुक्ताई आजी सोफ्यावर बसल्या होत्या. पहाऱ्याची मुलगी हात जोडून उभी होती.

"आजी, खरंच परीक्षा आहे. काल आपण बोललो ना."

"काल तुझ्याशी गोड बोलले, तू पोरगी चांगली आहेस. पण तुला पाठवलंय त्या मेल्यानं. गेल्या वर्षी असंच एक गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं पोरगं पाठवलं होतं. म्हणे महापालिका घरोघरची मांजरं मोजतेय. अर्धा तास मांजर मांडीवर घेऊन गेटपाशी बसले होते मी."

आम्रपाली धावत वर आली. धापा टाकत तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. चार मिनिटं गेली होती. खाली एकेचाळीसातली अडतीस माणसं मोजून झाली होती. राहिलेली तीन माणसं इथंच ह्या मजल्यावर होती, आजी, ती स्वतः आणि उत्तरेश्वर. तिनं आजींसमोर गुडघ्यावर बसून हळू आवाजात पुन्हा समजावलं. आजी भिंतीकडे बघत राहिल्या. आम्रपालीनं उत्तरेश्वरकडे एकदा बघितलं. काही मागितलं नाही.

तो आत आला.

"आजी, खरं आहे हो."

"तू म्हणतोस म्हणजे नक्कीच खोटं आहे."

 तीस वर्षं खपून कमावलेलं नाव होतं ते. शपथ घेतली असती तर आजींनी उलट हसून दाखवलं असतं. पाच मिनिटं व्हायला आली.

"बरं, मग हे ऐका," तो म्हणाला. "तुम्ही सात मिनिटांच्या आत खाली पोचलात तर मी पैज हरतो. आज संध्याकाळी मला बँडेज गुंडाळून, स्ट्रेचरवर घालून भाजीच्या गाड्यांपर्यंत नेणार. आणि सगळ्यांना सांगायला लावणार की मी हरलो. तुम्ही इथंच बसलात तर मी जिंकलो."

आजींनी मान वळवली. "सगळ्यांसमोर?"

"सहा वाजता. गर्दीत."

"माझी काठी दे."

"काठीनं नाही जमायचं आता," आम्रपाली म्हणाली, आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली. आजी बसल्या. एका बाजूनं पहाऱ्याची मुलगी, दुसऱ्या बाजूनं आम्रपाली धरायला वाकली, तर उत्तरेश्वरनं तिला बाजूला केलं. "तू पुढं हो, वळणं सांग. मी स्कूटरचं इंजिन उचलतो रोज."

आजी इंजिनापेक्षा जड होत्या. वर आणखी सूचना देत होत्या. "कठड्याला लावू नकोस. हळू. अरे हळू म्हणजे थांब असं नाही, वेळ जाईल." दुसऱ्या मजल्यावर उत्तरेश्वरच्या गुडघ्यानं कर्रकन आवाज केला. पहिल्या मजल्यावर त्याची चप्पल गेली. पार्किंगमध्ये खुर्ची टेकली तेव्हा त्याला समोरचं काही दिसत नव्हतं, फक्त बुद्धभूषणचं तोंड दिसत होतं, उघडं.

"सहा मिनिटं पन्नास सेकंद," सर म्हणाले.

कुणी टाळ्या वाजवायच्या आधी त्यांनी आम्रपालीची यादी हातात घेतली आणि चुका काढायला सुरुवात केली. दुसऱ्या मजल्याचा पहारेकरी मुलगा बघायला म्हणून खाली आला होता, ते चूक. आजींना आधी उतरवायला हवं होतं, ते मोठी चूक. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"इथं मुक्ताई आजींच्या पुढं लिहिलंय, मदतीला उत्तरेश्वर काका. हे कोण?"

उत्तरेश्वरनं हात वर केला आणि चप्पल नसलेला पाय लपवला.

"हे तर पैज लावून बसले होते असं मी ऐकलं. ह्यांना विचारलं होतंस?"

"नाही सर," आम्रपाली म्हणाली.

"मग कशाच्या भरवशावर लिहिलंस?"

ती जरा गडबडली. "आजींच्या समोरच राहतात सर. आणि मी लहानपणापासून बघतेय. मस्करी करतात, पण कुणाला अडकलेलं बघून घरात बसलेत असं कधी झालं नाही."

सरांनी काहीतरी खरडलं. "पुढच्या वेळी विचारून लिहायचं. माणसाला धरून चालू नये." मग यादी परत देत म्हणाले, "पुढच्या सोमवारी चाकण. सकाळी आठ. बूट घालून ये, ह्या सँडल चालणार नाहीत."

 बुद्धभूषण कोपऱ्यात जाऊन उगाच स्वतःच्या गाडीचा आरसा पुसायला लागला, आणि बराच वेळ पुसत होता. मग तसाच पाठमोरा म्हणाला, "उत्तऱ्या, सहा वाजता तयार राहा."

सहा वाजता सहा मुलांनी त्याला गुंडाळलं. दोन डोळे आणि तोंड सोडून सगळं पांढरं. पुढचा दांडा बुद्धभूषणनं धरला, त्यानं तो कुणाला देऊच दिला नाही. मागं आख्खी सोसायटी, आणि खुर्चीऐवजी रिक्षात मुक्ताई आजी, कारण त्यांना पहिल्या रांगेतून बघायचं होतं.

पहिल्या चौकातच स्कूटरवाल्यानं गाडी बाजूला घेतली. "अरे बापरे, काय झालं हो?"

"मी पैज हरलो, आणि आमची आमू हुशार आहे," स्ट्रेचर म्हणालं.

औषधांच्या दुकानातून दोघं बाहेर आले. त्यांनाही सांगितलं. बसथांब्यावर अकरा जण होते, त्या सगळ्यांना एकदमच सांगितलं, तर बुद्धभूषणनं स्ट्रेचर थांबवलं आणि प्रत्येकाला वेगळं सांगायला लावलं. भाजीच्या गाड्यांपाशी तर गर्दीच उभी राहिली. मेथी निवडणाऱ्या एका बाईंनी वाकून बघितलं आणि हळहळून विचारलं, "कोण हो हे? कुठं लागलं?"

उत्तरेश्वरनं सांगितलं. एव्हाना घसा बसला होता.

आम्रपाली पायाशी चालत होती. "काका, पुरे आता, बाबांना मी सांगते," ती म्हणाली.

"गप गं," बँडेजातून आवाज आला. "तुझी जाहिरात चाललीय."

बुद्धभूषण मागं वळला. "मोठ्यानं रे," तो म्हणाला. "केळीवाल्यापर्यंत ऐकू गेलं नाही."

उत्तरेश्वरनं छाती भरून श्वास घेतला, आणि पार केळीवाल्याच्याही पलीकडं पोचेल असं सांगितलं.