कावळ्याला दिलेलं वचन

दहाव्याचा पिंड मांडून झाला, तरी एकही कावळा खाली उतरेना. पाटोद्याबाहेर नदीकाठच्या बाभळीवर सगळे नुसते बसून होते.

"शहादेवचा जीव कशात तरी अडकलाय," छबुआत्या म्हणाल्या. "उज्ज्वला, लग्न करते म्हण."

"करायचंच नाही, तर म्हणू कशी?"

"नुसतं म्हणायचं, बाई! कावळा काय पत्रिका मागणार हाय? कावून अडून बसलीस?"

उज्ज्वलाची पंचाईत होती. तिचे अण्णा, शहादेव गुरुजी, जन्मभर दोनच गोष्टींना धरून राहिले: बिनसाखरेचा चहा आणि कांट. त्या जुन्या जर्मन तत्त्वज्ञाचं म्हणणं होतं, की खोटं वचन देऊच नये. सगळेच देऊ लागले तर वचनाला कोण विचारेल? अण्णांची पाठवणी खोटं बोलून करायला तिचं मन घेईना. आणि कावळा शिवल्याशिवाय पाय निघेना.

गावचे पुढारी मोहनराव हात जोडून पुढे झाले. "गुरुजी, तुमच्या नावानं वाचनालय बांधतो!"

दोन कावळे उडून गेले.

"मागच्या निवडणुकीतला रस्ता त्यांनीबी ऐकलाय," मागून सटवामामा म्हणाले.

मेंढरं राखणाऱ्या सटवामामांनी एकदा बालविवाहातून पळालेली पोर आपल्या वाड्यात, मेंढरांत लपवली होती, आणि शोधायला आलेल्यांना "तिकडं गेली" म्हणत सरळ मांजरसुंब्याकडे पिटाळलं होतं. "पोर वाचली, छान झालं, पण खोटं ते खोटंच," असं अण्णांचं मत. "मग काय धरून देऊ?" असा मामांचा सवाल. हा वाद पारावर सुरू झाला आणि पुढे गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. मिटला मात्र कधीच नाही.

आता मामांनी डोक्याचा पटका काढला. "गुरुजी, हारलो मी. तुमचंच खरं. जेवा आता."

एक कावळा झपकन उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. आत्यांनी डोळ्यांना पदर लावला.

परतताना उज्ज्वलानं हळूच विचारलं, "मामा, खरंच हरलात?"

"छ्या! खोटं बोललो. आन् बघ, खोट्यानंच काम झालं की न्हाई?"

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. हे अण्णांना सांगायलाच हवं, म्हणून वळलीसुद्धा. मागे फक्त कावळे होते.

ती पुन्हा मामांबरोबर चालू लागली. मग म्हणाली, "कावळ्याला भूक लागली होती, मामा. त्यानं काही सिद्ध होत नाही."

सटवामामा थबकले. तिच्याकडे टक लावून पाहत राहिले.

"गेलीस गुरुजींवर! चल, पारावर बस जरा. असं कसं सिद्ध होत न्हाई?"