नाकाखालची सावली

ऐक गं मंजिरी, आधी नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, चहा गार झाला तर होऊ दे.

आपली ऋजुता. पुण्याची, चित्रकला शिक्षकाचा एटीडी कोर्स केलेली, तिथल्या शाळेत पाच वर्षं ड्रॉइंग शिकवलेली. लग्न करून मिहीरबरोबर इथे इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला आली आणि दोन वर्षं काय केलं, तर खिडकीतून समोरच्या चौकातला राउंडअबाउट बघितला. गाडी चालवता येत नाही, ओळख ना पाळख, मिहीर सकाळी आठला जो जातो तो सातला उगवतो. बरोबर आणलेले पोस्टर कलर सुकून त्यांचे खडे झाले. आणि मग गेल्या सप्टेंबरात, म्हणजे दोन हजार सातच्या, एका शाळेत काम लागलं. आर्ट डिपार्टमेंटमध्ये असिस्टंट, एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. त्या डिपार्टमेंटच्या हेड मिसेस हॉल्डन म्हणाल्या, वर्ष नीट गेलं तर पुढच्या सप्टेंबरपासून ट्रेनिंग देऊन तुला इथेच कायमची टीचर करू. झालं! बाई रेडवेवरून, म्हणजे इथल्या सायकलच्या वाटेवरून, सायकल अशी हाणायची, की मिहीर म्हणायचा, "अगं, तू गेल्याशिवाय शाळा उघडत नाहीत की काय?"

आणि शिकवायची काय गं! पहिल्याच दिवशी पोरांच्या काळ्या रंगाच्या ट्यूबा जप्त केल्या. म्हणे, सावली काळी नसतेच. संत्र्याच्या सावलीत निळा शोधा, पानाच्या सावलीत लाल शोधा. मागून एकजण ओरडला, "मिस, रात्र पण काळी नसते?" ही म्हणाली, "आधी रात्रीत निळा घाल, मग माझ्याशी बोल." दिवाळीपर्यंत त्या वर्गात काळं मागायची कुणाची टाप नव्हती.

त्याच वर्गात होती आश्लेषा. सुचेता डॉक्टरची मुलगी, दहावीची म्हण, इथलं इयर इलेव्हन. सुचेताचं आणि ऋजुताचं घरचं येणंजाणं, त्यामुळे घरी "ऋजुता मावशी", पण शाळेत फक्त "मिस". ऋजुतानंच बजावलं होतं, "गेटच्या आत मी तुझी कुणी नाही हं."

ही आश्लेषा स्वतःचं चित्र काढत होती, आणि कशानं रंगवत होती? ते ट्यूबमध्ये तयार मिळतं बघ, फिकट गुलाबी, वर लिहिलेलं असतं 'फ्लेश टिंट'. पोरगी आपल्यासारखी गव्हाळ, आणि चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा. ऋजुतानं ती ट्यूब बाजूला केली. स्वतःच्या घरच्या नव्या ट्यूबा दिल्या तिला, पिवळी माती, भाजकी माती अशा नावांचे रंग, थोडा किरमिजी, सावलीला गडद निळा. तिचा हात कागदावर आडवा ठेवायला लावला आणि म्हणाली, आता हा रंग बनव. दोन आठवडे पोरगी नुसते ठिपके देत होती. कधी विटकरी व्हायचं, कधी मेंदीसारखं. आणि एक दिवस मनगटावर ठिपका दिला तर तो दिसेचना! अशी किंचाळली, "मावशी, हा कलर माझी आहे!" अख्खा वर्ग वळला. ऋजुतानं तिला ना 'मिस'वरून टोकलं, ना व्याकरणावरून.

आता मुख्य गोष्ट. मेमध्ये जीसीएसईचा, म्हणजे इथल्या बोर्डाच्या परीक्षेचा, आर्टचा पेपर. दहा तास, दोन दिवसांत मिळून, मुलांनी एकट्यानं चित्र पुरं करायचं. मिसेस हॉल्डन वर्गात फिरायच्या त्या दोन्ही हात पाठीमागे बांधून. ऋजुताला आधी वाटलेलं, काय हा रुबाब! मग कळलं, ती शिस्त आहे. मुलाच्या कागदाला शिक्षकाचा हात लागता कामा नये. दाखवायचंच असेल तर एरवी दुसऱ्या कागदावर दाखवा, पेपरच्या वेळी तर तेही नाही. दोनदा सांगितलं होतं तिला.

पण पुण्यात काय असतं गं? ऋजुता ड्रॉइंगच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसली तेव्हा अवधूत सरांचा क्लास होता. मुलं चित्र घेऊन रांग लावायची, सर ब्रश हातातून काढून घ्यायचे, दोन स्ट्रोक मारायचे, पुढचा! "माझ्या चित्राला सरांचा हात लागला" म्हणून पोरं घरी सांगायची. ऋजुतानंही पाच वर्षं तेच केलं. त्याला कॉपी कोण म्हणणार? त्यालाच शिकवणं म्हणतात.

दुसरा दिवस, शेवटची वीस मिनिटं. मिसेस हॉल्डन कुणाशी तरी बोलायला दारापर्यंत गेल्या. आश्लेषाचा चेहरा सगळा जमला होता, फक्त नाकाखालची सावली घोटून घोटून चिखल. आणि ती हळूच म्हणाली, "मावशी, माझा नाक घाण झाला."

पोरगी 'मिस' म्हणाली असती ना, तर काही झालं नसतं. पण 'मावशी' म्हणाली, आणि हिचा हात आपसूक गेला. ब्रश घेतला, दोन स्ट्रोक, ब्रश परत. नाक कागदातून वर आलं! आणि मग हिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सगळं काम माझं आहे अशी सही आश्लेषानं केली, तेव्हाही ही शेजारी उभी. घरी मिहीर म्हणाला, "दोन स्ट्रोक गं! कोण भिंग घेऊन बसलंय?"

मिसेस हॉल्डन बसल्या होत्या. आठवड्यानं दोघींना बोलावलं. कॉरिडॉरमध्ये आश्लेषानं हिची बाही धरली, "मावशी, तू काही नको बोलू. तुझी जॉब जाईल."

आत टेबलावर चित्र. मिसेस हॉल्डन म्हणाल्या, "आश्लेषा डावखुरी आहे. तिचे सगळे स्ट्रोक एका अंगाला झुकलेत. हे दोनच उलट्या अंगाला." मग शांतपणे विचारलं, "तुला कुणी मदत केली?"

"नो, मिस. जस्ट मी." पापणी लवली नाही पोरीची. आणि मग तिनं ऋजुताकडे बघितलं.

मिसेस हॉल्डननीही बघितलं. "ऋजुता?"

मंजिरी, त्या दोन नजरांच्या मधे बाई उभी. हो म्हणावं तर पोरगी खोटी पडते, नाही म्हणावं तर आपल्यासाठी पोरीनं खोटं बोलायचं आणि आपण ते पांघरून बसायचं. ती म्हणाली, "ते दोन माझे आहेत." प्रामाणिकपणानं बोलली की घाबरून, ते अजून तिचं तिलाच कळत नाही.

"त्याच दिवशी सांगितलं असतंस," मिसेस हॉल्डन म्हणाल्या, "तर मी तशी नोंद केली असती, तेवढं वगळून मार्क दिले असते. आता हिची सही आहे, आणि ही माझ्या तोंडावर खोटं बोलली आहे." आवाज चढवला नाही बाईंनी, तेच वाईट. चित्र उलटं ठेवताना म्हणाल्या, "इतक्या वर्षांत या वर्गात असा चेहरा झाला नव्हता."

बोर्डाला कळवलं. पेपरचे मार्क रद्द. जुलैच्या प्रदर्शनात सगळ्यांची चित्रं लागली, आश्लेषाचं नाही. ऋजुताचं कॉन्ट्रॅक्ट तिथेच संपलं, सप्टेंबरची गोष्ट कुणी काढलीच नाही.

सुचेताचा फोन आला. "पोरीनं तुला वाचवायला तोंड उघडलं, आणि तू तिलाच तोंडघशी पाडलंस? ब्रश चालवलास तेव्हा जीभ उचलली नाही, आणि आता खरं बोलायला बरी सुटली! निदान गप्प तरी बसायचंस."

आणि गेल्या आठवड्यात दाराच्या मुठीला एक पिशवी लटकलेली. बेल नाही, चिठ्ठी नाही. आत ऋजुतानं दिलेल्या सगळ्या ट्यूबा, झाकणं घट्ट लावलेल्या. पिवळी माती, भाजकी माती, किरमिजी, निळा. ठिपक्यांचा तो कागदही, चार घड्या घातलेला. आश्लेषाची स्वतःची फिकट गुलाबी ट्यूब तेवढी नव्हती. ती तिनं ठेवून घेतली.

ऋजुता परत खिडकीशी बसते आता. मिहीर म्हणतो, तू बोलायलाच नको होतंस. अवधूत सरांना फोन केला, तर ते म्हणाले, दोन स्ट्रोकसाठी एवढं? कसला देश आहे! आणि ती मला विचारते, माझं चुकलं का? आता मी काय सांगू?

तू सांग ना. ती पोर तशी तुझ्याकडे बघत असती, तर तू काय केलं असतंस?