इंजिन कुठल्या हाताला

रेडिओवर उडणाऱ्या लहान विमानाचा जो रिमोट असतो, त्याला आम्ही खोकं म्हणायचो. खोक्याला दोन दांड्या. एक डाव्या हाताला, एक उजव्या. एका दांडीनं इंजिन कमी-जास्त करायचं, दुसरीनं विमानाचं नाक वर-खाली आणि बाजूला वळवायचं. आता इंजिनाची दांडी कुठल्या हाताला असावी याबद्दल जगात एकमत नाही. कुणी उजवीकडे ठेवतं, कुणी डावीकडे, आणि दोघांचीही विमानं उडतात. यात चूक कुणाचीच नाही. पण एकदा पोरांचे हात एका पद्धतीला बसले की स्पर्धेच्या तोंडावर ती पद्धत उलटी करायची, आणि वर “यात काय एवढं” म्हणायचं, याला माझ्या भाषेत लबाडी म्हणतात. आमच्या मंडळानं ती केली, आणि मला ती आजही पचलेली नाही.

मंडळ बारामतीतलं, नव्वदच्या दशकातलं. घोगरे सर चालवायचे. ते चित्रकला शिकवायचे, विमानांचं वेड त्यांना तरुणपणापासून. दर रविवारी गावाबाहेरच्या मुरमाड माळावर आमची जत्रा भरायची. एरंडेल घातलेल्या इंधनाचा जळका वास कपड्यांना बसायचा तो धुऊनही जात नसे. मंडळात सगळी मुलं आणि मुली दोनच, मी आणि पायल. मी कन्हेरीची. वडील साहेबराव पाटबंधारे खात्यात नोकरीला, आई तुळसा घरचं रान बघायची. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते.

मंडळाचं विमान मी बांधलेलं होतं. मदत सगळ्यांची, पण बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या कापल्या मी, चिकटवल्या मी, पंखावर कागद ताणून बसवला तो मी. “दिशाचा हात लई साफ,” असं सर स्वतः म्हणायचे. मंडळाच्या जुन्या खोक्यात इंजिन उजव्या हाताला आणि नाक डाव्या हाताला होतं. त्यावरच सर शिकले होते, त्यावरच त्यांनी आम्हाला शिकवलं. दोन वर्षं मी डाव्या हातानं विमानाचं नाक सांभाळलं. ते इतकं अंगात मुरलं होतं की विचार करायची गरजच उरली नव्हती.

त्या वर्षी नागपूरला राज्याची स्पर्धा होती आणि आमच्या मंडळाला एक जागा आली. एकच. मला जायचं होतं. लाजायचं काय, मला फार जायचं होतं. आणि माझ्याइतकं चांगलं उडवणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, माळावर येणारी शेरडं राखणारी माणसंसुद्धा सांगायची.

राजवर्धन निमगाव केतकीचा. घरचा मोठा ऊस, वडील सोसायटीत वजनदार, मंडळाच्या वर्गणीत त्यांचा हात सैल. पोरगा वाईट नव्हता, पण आजवर त्याला कुणी थांब म्हटलेलं नव्हतं. स्पर्धेचं कळलं तसा त्यानं मुंबईहून नवाकोरा रिमोटचा सेट आणला. काळा, चकचकीत, गळ्यात अडकवायला पट्टा असलेला. त्याच्यात इंजिन डाव्या हाताला होतं आणि नाक उजव्या. जुन्या खोक्यावर त्याचा हात कधी बसला नव्हता, ह्याच्यावर चटकन बसला.

त्यानंतरच्या रविवारी मंडळाची बैठक निमगावला राजवर्धनच्या घरी ठेवली. रात्री मटण होतं. पायलला आणि मला बोलावलं नाही, कारण पोरी रात्रीच्या कशा येणार. हे कारण मला नंतर तीन-चार जणांनी अगदी काळजीच्या आवाजात सांगितलं. पायलचा भाऊ त्या जेवणाला होता, त्याच्याकडून कळलं की तिथं मतदान झालं. मंडळानं यापुढं कुठली पद्धत ठेवायची, इंजिन उजव्या हाताला की डाव्या? सगळ्यांनी उजवा हात वर करून डावा निवडला. उजवा हात रस्स्यानं माखलेला असणार, पण वर केला. निवडचाचणी नव्या सेटवर घ्यायचीही तिथंच ठरली. जुन्या खोक्याचा पल्ला कमी झालाय म्हणून ते कपाटात बंद. काल-परवापर्यंत त्याच खोक्यावर माझं विमान माळाच्या पार टोकाला जाऊन परत येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेले. जुनं खोकं बाहेर काढा, ज्याला जे सवयीचं त्यावर त्यानं उडवावं, एवढंच मागितलं. सरांनी मला चहा दिला आणि शिकवायला बसले. म्हणाले, नाक सांभाळणं नाजूक काम, ते उजव्या हातानंच शोभतं, आपण जेवतो कुठल्या हातानं? मी म्हटलं, सर, दोन वर्षं तुम्हीच डाव्या हातानं शिकवलंत, तेव्हा आपण कुठल्या हातानं जेवत होतो? उद्या कुणी माझ्या सायकलचं हँडल उलट बसवलं आणि शर्यतीत उतर म्हणालं, तर ती शर्यत म्हणायची का?

सरांनी चष्मा पुसला आणि ते वाक्य बोलले.

“हे बघ, मंडळात डावं-उजवं चालत न्हाय. सगळ्यांना एकच सेट. तुमच्या लोकांना बाकी सगळीकडं सवलती हायेतच की, हितं तरी बरोबरीनं ये.”

तुमच्या लोकांना! मी काय मागत होते? ज्यावर शिकले त्यावर उडवू द्या, एवढंच ना? राजवर्धनला त्याच्या हाताला बसेल ते खोकं मिळालं ती बरोबरी, आणि मी माझ्या हाताला बसेल ते मागितलं की सवलत. कप तसाच ठेवून मी उठले.

निदान सरावाला नवा सेट द्या, असा निरोप पाठवला, तर राजवर्धनच्या वडिलांकडून उत्तर आलं की महागाची वस्तू आहे, पडली-झडली तर कोण बघणार. आणि सोबत एक सल्ला, न मागता दिलेला. पोरीला उजवायचं वय झालं, आता विमानं कसली उडवता. आमच्याकडे मुलगी उजवायची म्हणजे तिचं लग्न लावून द्यायचं. उजव्या हाताचा इतका सोस असलेली माणसं मी दुसरीकडे कुठं पाहिली नाहीत.

घरी आल्यावर मी चिडून चार दिवस कुणाशी धड बोलले नाही. वडील म्हणाले, जाऊ दे, त्यांच्याशी वैर धरून आपल्याला गावात राहायचंय का. आईनं पिठाच्या डब्याशी मला बसवलं आणि काय बिघडलंय ते हातानं दाखव म्हणाली. मी मळलेल्या पिठाच्या गोळ्यात दोन पेन्सिली खोचल्या आणि तिला सांगितलं, ही नव्या सेटची डावी, ही उजवी. मग मनात विमान उडवायला लागले. चढवलं, वळवलं, उतरवायला घेतलं, आणि प्रत्येक वेळी डावा हात नाकाला जायचा न् तिथं असायचं इंजिन. पंचवीस वेळा विमान पिठात आपटलं. शेवटी मला इतका संताप आला की मी दोन्ही हात एकमेकांवरून आडवे टाकले. डाव्या हातानं उजवी दांडी धरली, उजव्या हातानं डावी.

आणि सगळं जाग्यावर आलं. डाव्या हातात नाक, उजव्या हातात इंजिन. नवा सेट, जुने हात.

“आसं चालतंय व्हय?” आईनं विचारलं.

“विमानाला काय कळतंय आई, कुणाचा हात कुठनं आला ते.”

“मग त्यांच्याबी फुडं आसंच धर,” ती म्हणाली. “इचारायला जाऊ नको.”

चाचणीच्या दिवशी माळावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. राजवर्धनचे वडील खुर्ची टाकून बसले होते. विमान माझंच, त्यात नव्या सेटचं यंत्र बसवलेलं. आधी राजवर्धननं उडवलं. बरं उडवलं, खोटं कशाला बोलू. वळणं मोठी झाली आणि उतरताना विमान दोनदा बेडकासारखं उड्या मारून थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी. पट्टा गळ्यात अडकवला, खोकं पोटाशी घेतलं आणि हात आडवे टाकले. मागून कुणीतरी हसलं. मी इंजिन वाढवलं, विमान मुरमावरून पळालं आणि उचललं. माळाभोवती चौकोन घेतला. आडवा आठ काढला, दोन्ही फेरे सारखे. हसणं थांबलं होतं. मागं फक्त इंजिनाचा आवाज होता, आणि मला आतून इतकं बरं वाटत होतं की आठवडाभराचा राग मी त्या वेळी खरोखर विसरले. मग विमान आमच्या दिशेनं तोंड करून आणलं, इंजिन कमी केलं आणि उतरवायला घेतलं. ते सरळ, सावकाश, पायरी उतरावी तसं खाली येत होतं.

“हात नीट धर,” घोगरे सर म्हणाले.

मी मान हलवली नाही. त्या वेळी विमानावरून नजर काढायची नसते, हे त्यांनीच शिकवलेलं.

“ही पद्धत न्हाय. सोड ते.” आणि त्यांनी पुढं होऊन खोकं माझ्या हातातून ओढलं. पट्टा माझ्या मानेला कचकन घासून डोक्यावरून निघाला.

सर स्वतः विमान सुखरूप उतरवणार होते, अगदी नीट हातांनी. नाक वर घ्यायला त्यांनी डावी दांडी मागं ओढली. त्यांचा डावा हातही माझ्यासारखाच, जुन्या खोक्यावर मुरलेला. पण डावीकडे होतं इंजिन, ते पार मंदावलं. विमान खचायला लागलं तसे सर घाबरले आणि इंजिन वाढवायला त्यांनी उजवी दांडी पुढं रेटली. उजवीकडे होतं नाक. माझ्या विमानानं नाक खाली घातलं आणि ते मुरमात शिरलं.

फासळ्या मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. मी पळत गेले. पुढचा भाग राहिलाच नव्हता, पंख दुमडून पडले होते. पोटापासून मागं शेपटीपर्यंतचा भाग तेवढा शाबूत. मी तो उचलला. मागून सर सगळ्यांना सांगत येत होते, की बघा, उलट्या हातानं उडवल्यावर असंच व्हायचं, ह्या पोरीला चारदा सांगितलं.

मी शेपटीकडे पाहिलं. विमानाच्या पोटातली बॅटरी अजून जिवंत होती. शेपटीची झडप, जिच्यामुळे नाक वर-खाली होतं, ती पूर्ण खाली वळून तशीच थरथरत होती. मी ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

“सर, अंगठा उचला.”

त्यांना कळलं नाही. त्यांनी हातातल्या खोक्याकडे पाहिलं. उजवा अंगठा अजून दांडी पुढं रेटून धरलेला होता. त्यांनी तो विस्तव लागल्यासारखा काढला. माझ्या हातातली झडप टपकन सरळ झाली.

सगळ्यांनी पाहिलं. राजवर्धननं पाहिलं, त्याच्या वडिलांनी पाहिलं, मतदान केलेल्या झाडून सगळ्या पोरांनी पाहिलं. वाटलं, आता तरी कुणी खरं काय ते म्हणेल. निदान राजवर्धन तरी. तो बुटाच्या टोकानं मुरूम उकरत होता.

सरांनी घसा साफ केला. म्हणाले, झालं ते झालं, आता दोघांपैकी विमान उतरवलंय ते राजवर्धननं, तेव्हा तोच जाईल. मग माझ्याजवळ आले, आवाज मऊ केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“पंधरा दिवस हायेत. तेवढ्यात नवीन बांधून दे त्याला. तुझ्यासारखा साफ हात मंडळात दुसऱ्या कुणाचा न्हाय.”

उडवायला माझे हात उलटे होते, बांधायला मात्र साफ. मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. ओरडले नाही. ओरडले असते तर त्यांना बरं झालं असतं.

“जागा माझी असंल तर बांधते,” मी म्हणाले. “न्हायतर न्हाय.”

दोन दिवसांनी सर कन्हेरीला आले. मग राजवर्धनचे वडील जीपनं आले आणि माझ्या वडिलांना ओसरीवर बसवून समजावू लागले. वडील आत येऊन मला काही सांगणार तोवर आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, तिनं एकदा सांगितलंय. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाहेर जाऊन पाहुण्यांना तेच सांगितलं. पोरांनी आपापल्या परीनं एक विमान जुळवलं, ते जमिनीवरून उठलंच नाही.

त्या वर्षी आमच्या मंडळाकडून नागपूरला कुणीही गेलं नाही. एका पोरीच्या हट्टापायी बारामतीची जागा गेली, असं घोगरे सर अजून लोकांना सांगतात म्हणे. खुशाल सांगोत. जागा माझ्या हट्टापायीच गेली, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा जाईल.