पाण्यात टाकलेली उशी

दोन वर्षांत आम्ही एकतीस बोटी पाहिल्या. शिड्या चढून माझे गुडघे गेले, बंद केबिनचा कुबट वास कपड्यांत मुरला, आणि "अजून एक बघू" हे माझ्या नवऱ्याचं, ऑल्डनचं वाक्य ऐकून जीव विटला. शेवटी दोनच उरल्या. दोन्ही शिडाच्या, दोन्ही चाळिशी ओलांडलेल्या, डेल्टाविलच्या एकाच धक्क्याला बांधलेल्या. दोन्ही विकायला काढणारा दलालही एकच, रॉइस प्रुइट.

'कॉन्स्टन्स' जड, सागवानाने मढवलेली, पुढून-मागून निमुळती. ऑल्डनने तीस वर्षं शाळेत मुलांना सुतारकाम शिकवलं; तिच्या कठड्यावरून हात फिरवताना तो माझ्याशी बोलायचंही विसरे. 'बटरकप' रुंद आणि पांढरीफटक. मागचा भाग सुरीने कापल्यासारखा, त्यात पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दोन पायऱ्या. तिला तो 'बादली' म्हणे.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी त्याच्या उजव्या हाताच्या कंपाला नाव दिलं. पुढे तोल जाऊ लागेल, म्हणाले; बोट घेऊन दक्षिणेला जायचं तुमच्या मनात आहे, तर आत्ताच जा. घरात आम्ही हे एकदाच बोललो. सकाळच्या प्रार्थनेत मात्र मी रोज तेच विचारत होते: हा पाण्यात पडला, तर मी एकटी याला वर घेऊ शकेन का? उत्तर येत नव्हतं. मीही विचारून दमले होते.

सप्टेंबरातला शुक्रवार. माझा उपास, म्हणून डबा फक्त ऑल्डनचा. सकाळी आम्ही 'कॉन्स्टन्स' खाडीत बाहेर काढली. शिडं चढल्यावर मी म्हणाले, "सुकाणू मी धरते."

"तू?" ऑल्डन म्हणाला. "तू तर नेहमी विणत बसतेस."

"आज विणकाम घरी राहिलंय."

रॉइस हसला. "जपून हं, मिस व्हर्ना. ही बोट म्हणजे गुणाची बाई आहे, पण वळायला वेळ घेते."

"माझंही तसंच आहे."

मी बाकावरची तरंगणारी नारिंगी उशी उचलली आणि पाण्यात फेकली. "माणूस पाण्यात!" मी ओरडले. पडलेल्याला परत गाठायचा हा सराव इथली पोरं दहाव्या वर्षी करतात; मी अडुसष्टाव्या वर्षी करत होते.

पहिल्या फेरीत उशी फार लांब राहिली. दुसऱ्या फेरीत बोट तिच्यावरूनच गेली. तिसऱ्यांदा उशी अगदी बाजूला आली, पण कठडा इतका उंच की आकड्याची काठीही पोचेना. शेवटी रॉइसनेच ती काढून दिली.

"ही समुद्र ओलांडणारी बाई आहे, मिस व्हर्ना," तो म्हणाला. "उशा वेचायला नाही."

ऑल्डन माझ्याकडे बघत होता. रॉइस शिडं उतरवायला पुढे गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "ती उशी म्हणजे मी ना?"

"हो."

"निदान रंग तरी बरा बघायचास."

 जेवताना अर्धं सँडविच त्याने सीगल पक्ष्यांना टाकलं.

दुपारी 'बटरकप'. पहिल्यांदा मी पुन्हा चुकले. दुसऱ्यांदा वाऱ्याच्या तोंडाशी वळवून शिडाचा दोर सोडला, तसं शीड फडफडलं आणि बोट जागच्या जागी थांबली. पायरीवर बसून मी उशी हाताने उचलली.

"उशीला वजन नसतं," ऑल्डन म्हणाला. "मी दोनशे पौंडांचा आहे."

आणि तो बूट काढू लागला.

"अरे, जेलीफिश आहेत!"

"असू देत. आज कळलेलं बरं." त्याने लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले, पायऱ्या उतरला आणि गेला पाण्यात.

"देवा रे!" रॉइस ओरडला. "मिस्टर ऑल्डन, विम्याचं काय!"

मी बोट वळवली. ओठांवर स्तोत्र यायला हवं होतं; आला तो फक्त ऑल्डनच्या नावाचा जप. डोकं दिसत होतं, मग लाटेआड, मग पुन्हा दिसलं. दोर सोडला, बोट थांबली, आणि तो पायऱ्यांपासून हातभर अंतरावर आला. मी दोराचा फास टाकला. त्याने तो काखेत घेतला. रॉइस पुढे सरसावला.

"हात लावायचा नाही," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने मी कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही.

मी दोर कठड्याजवळच्या, शिडाचे दोर ताणायच्या चरकावर गुंडाळला आणि त्याचा दांडा फिरवू लागले. थोडं फिरवायचं, दम घ्यायचा, पुन्हा फिरवायचं. त्याचा गुडघा खालच्या पायरीवर टेकला तेव्हा खाली बसून त्याची कॉलर धरली आणि ओढलं. दोघंही मागे कोसळलो. त्याच्या पोटरीवर जेलीफिशचे लाल वळ उठले होते.



"काय कुरूप बोट आहे गं," तो धापा टाकत म्हणाला.

"आहेच."

"रॉइस, कागद तयार कर. हीच घेतो."

रॉइसने सवयीने सुकाणू त्याच्यापुढे केलं. "धक्क्याला लावता ना, मिस्टर ऑल्डन?"

ऑल्डन ओल्या कपड्यांनी तसाच कठड्याला टेकून बसला होता. त्याने सुकाणूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिला दे," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.