बारीक शिट्टी

वहिनींचे कान गेलेत, ही बातमी खुद्द वहिनींच्या कानावर सगळ्यात शेवटी आली. आणि ती आणली ज्याने पसरवली त्यानेच, म्हणजे धाकट्या दिराने.

स्टुडिओ वहिनींनी आणि त्यांच्या नवऱ्याने मिळून उभा केला होता. नवरा माणसं सांभाळायचा, वहिनी आवाज सांभाळायच्या. गाणारा कुठे श्वास चोरतो, कुठल्या तारेला गंज चढलाय, हे त्या काचेपलीकडून सांगायच्या. स्टुडिओतले सगळेच त्यांना वहिनी म्हणायचे, त्यांच्या वडिलांच्या वयाचे गायकसुद्धा. नवरा अचानक गेला आणि त्याच्या जागी कारभार बघायला, सह्या करायला दीर आला. त्याने वीस वर्षं मोठ्या मैदानांवर कार्यक्रमांना स्पीकर लावले होते. हळू बोलणं त्याला जमायचंच नाही, म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं डेसिबल.

पाचव्या महिन्यात डेसिबल वहिनींसमोर खुर्ची ओढून बसला. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. लोक कुरकुर करतायत. वरच्या पट्टीतलं तुम्हाला पूर्वीसारखं ऐकू येत नाही म्हणतात. आता जरा आराम करा."

"कोण म्हणतं?"

"नावं कशाला? सगळेच."

दुसऱ्याच दिवशी वहिनी कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. यंत्र लावून त्यांनी अर्धा तास बटणं दाबली. कान शाबूत होते, वयाच्या मानाने उत्तमच. तो कागद त्यांनी घरी आणला खरा, पण दाखवणार कुणाला? कान शाबूत असल्याचा कागद घेऊन दारोदार फिरणारीला लोक आणखीनच हसले असते. तीन वर्षं त्या घरच्या एका खोलीत बसून बोलक्या पुस्तकांतले खोकले आणि अडखळणं कापत राहिल्या. राग गेला नाही. त्यांनी तो जाऊही दिला नाही.

आणि एका सकाळी डेसिबलचा फोन आला.

"वहिनी, एक नवा कन्व्हर्टर घेतलाय. फार वरच्या दर्जाचा. उद्या अकरा वाजता ध्वनिसंग्रहाच्या बाई ऐकायला येणार आहेत, जुन्या टेपांचं मोठं काम आहे. पण हे धूड काही केल्या सरळ वाजत नाही. मधेच टक् टक् करतं."

"माझे तर कान गेलेत ना, भाऊजी?"

"जोडणीला कान कशाला लागतात? जोडणी तुम्ही करा. ऐकायचं काम माझ्यावर सोडा."

हे शेवटचं वाक्य वहिनींनी मनात नीट घडी घालून ठेवलं आणि त्या निघाल्या.

कन्व्हर्टर दोन खोक्यांत आला होता. एकात मूळ यंत्र, एकात त्याला वीज पुरवणारा वेगळा डबा. काळ्या धातूचं जाड अंग, समोर एकच मोठी चकती आणि छोटा पडदा. संगणकात गाणं असतं ते नुसत्या आकड्यांच्या रूपात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा, म्हणजे स्पीकरला समजेल अशी हलती वीज करायची, एवढंच याचं काम. पण ते काम तो कसं करतो, यावरच ठरतं की गायक समोर बसलाय असं वाटेल की भिंतीपलीकडे.

वहिनी जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. डेसिबलने ती उघडलीच नव्हती, पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

टक् टक्चं कारण पाव तासात सापडलं. आकडे एका ठरलेल्या ठेक्याने यावे लागतात, आणि तो ठेका धरायला प्रत्येक यंत्रात एक घड्याळ असतं. इथे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या जुन्या मिक्सरलाही वाटत होतं की ठेका मीच धरायचा आणि नव्या कन्व्हर्टरलाही. एका घरात दोन कारभारी. दोघं अधूनमधून एकमेकांच्या पायात पाय घालत होते. वहिनींनी कन्व्हर्टरचं घड्याळ मुख्य केलं, मिक्सरला त्याच्या मागे चालायला लावलं. टक् टक् थांबली.

मग आवाजाच्या पातळीचा पर्याय आला. 'बदलती' ठेवली तर समोरच्या चकतीने आवाज कमीजास्त करता येतो. 'स्थिर' ठेवली तर पूर्ण जोर थेट स्पीकरवर जातो. या खोलीतल्या स्पीकरांना मधे दुसरं कुठलंच बटण नव्हतं. 'स्थिर' करून निघून गेलं, की उद्या अकरा वाजता पाहुण्यांसमोर पहिल्याच सुराला दोन्ही स्पीकर फाटणार. वहिनींचं बोट त्या पर्यायावर बराच वेळ टेकलेलं होतं. ते स्पीकर त्यांच्या नवऱ्याने दोन दुकानं पालथी घालून, चार दिवस ऐकून ऐकून निवडले होते. त्यांनी 'बदलती' निवडलं आणि चकती अगदी खाली आणून ठेवली.

गाणं लावून बघायच्या आधी त्यांनी चकती थोडी वर करून नुसती शांतता ऐकली. ही त्यांची जुनी सवय. आणि शांततेत एक शिट्टी होती. बारीक, सुईसारखी, न थांबणारी. सेकंदाला आठ हजारांच्या आसपास वेळा कंप पावणारी, म्हणजे संगणकाच्या तारेतून आकड्यांबरोबर शिरलेला कचरा. उपाय सोपा होता. त्यांच्या पिशवीत प्रकाशाची तार होती. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे कचराही जात नाही. दोन मिनिटांचं काम. त्यांनी पिशवीत हात घातला.

तेवढ्यात डेसिबल आत आला, स्पीकरपासून हातभर अंतरावर उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा. याला म्हणतात शांतता. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

वहिनींचा हात पिशवीतच राहिला.

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. "भाऊजी, इथे कोपऱ्यात येऊन ऐका बरं."

तो कोपऱ्यात गेला, पुन्हा डोळे मिटले. "इथेही स्वच्छ. पैसा वसूल."

"मग झालं तर," वहिनी म्हणाल्या आणि रिकामा हात पिशवीतून बाहेर काढला. "जोडणी झाली. ऐकायचं काम तुमचं."

घरी जाताना त्यांना तीन वर्षांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखी भूक लागली.

दुसऱ्या दिवशी त्या बोलावल्याशिवाय गेल्या आणि मागच्या भिंतीला टेकून बसल्या. संग्रहाच्या बाई आल्या, साठीच्या, बारीक अंगाच्या. सोबत त्यांचा तंत्रज्ञ होता. डेसिबलने यंत्राची ओळख करून दिली, वजनापासून. मग म्हणाला, "आधी नुसती शांतता ऐका. असली शांतता तुम्हाला दुसरीकडे मिळायची नाही."

तंत्रज्ञाने लगेच मान वाकडी केली. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि हात कानाशी नेला.

"ही शिट्टी कसली?" त्यांनी विचारलं.

"शिट्टी?" डेसिबल हसला. "बाहेर कुणी वाजवत असेल."

"बाहेर नाही. तुमच्या स्पीकरमधून येतेय. चांगली मोठी आहे."

डेसिबलने चकती फिरवली. शिट्टी वाढली. बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. त्याने आणखी फिरवली आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्याच्या मानेवर घाम आलेला वहिनींना दिसला. मदतीला उठायचं मनात आलं नाही. त्यांनी त्याला पुरतं एक मिनिट तसंच उभं राहू दिलं. भिंतीवरच्या घड्याळात बघून.

"तुम्हाला खरंच ऐकू येत नाहीये?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं असेल.

मग वहिनी उठल्या. पिशवीतून प्रकाशाची तार काढली, एक टोक संगणकाला, एक कन्व्हर्टरला लावलं, पडद्यावर नवा मार्ग निवडला. शिट्टी गेली. तंत्रज्ञाने सुस्कारा सोडला.

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"मी इथे आवाज बघायची. माझे कान गेले म्हणून मला घरी बसवलं."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा डेसिबलकडे, आणि चष्मा पुसायला घेतला. काम त्यांनी दिलं नाही.

चार दिवसांनी डेसिबल वहिनींच्या घरी आला. सोबत जाऊही होती. त्याने बूट काढले, बसला, आणि पहिल्यांदाच हळू बोलला.

"तुम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"ऐकायचं काम तुमचं होतं."

"मला दादा असतानाच कळलं होतं. मैदानांवर गेले कान. डॉक्टर म्हणाला, परत यायचे नाहीत. दादाने कधी ओळखलं नाही. पण रोज सोबत काम करताना तुमच्या लक्षात आज ना उद्या आलंच असतं. म्हणून तुमच्याबद्दल बोललो."

वहिनींना वाटत होतं त्याने हे हावरटपणाने केलं. भीतीने केलं, हे ऐकून त्यांना कीव यायला हवी होती. आली नाही. उलट राग टोकदार झाला. स्वतःचं आजारपण त्याने उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवलं होतं.

"किती जणांना सांगितलंत?"

"सहा. सात."

"फोन काढा. स्पीकरवर लावा. एकेकाला सांगा, कान कुणाचे गेले ते."

"ताई, जाऊ द्या ना," जाऊ म्हणाली. "ते माफी मागायलाच आलेत."

"माझी नंतर मागू दे. आधी त्या सात जणांना सांगू दे."

त्याने पहिला फोन लावला. एक तबलजी. "मी खोटं बोललो होतो, वहिनींचे नाही, माझे," एवढं सांगताना तीनदा घसा खाकरला. दुसरा, तिसरा. तिसऱ्याने "कोण बोलतंय?" असं दोनदा विचारलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा." चौथ्या फोनला जाऊ उठून आतल्या खोलीत गेली. वहिनींनी तिला जाऊ दिलं.

पाचवा फोन एका म्हाताऱ्या गायकाला होता. बावीस वर्षं ते वहिनींशिवाय दुसऱ्या कुणाला आपला आवाज मुद्रित करू द्यायचे नाहीत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे, मला ते तेव्हाच ठाऊक होतं," ते म्हणाले. "तिचे कान कसले जातायत. पण माझ्या मुलाचं ध्वनिमुद्रण तुझ्याकडे अर्ध्यावर होतं. म्हटलं, घरातलं भांडण आहे, आपण कशाला मधे पडा. तशी बिचारी बरी आहे ना?"

डेसिबलने वर पाहिलं. वहिनी फोनकडे बघत होत्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की लोक फसले. ठाऊक असून गप्प बसलेल्यांचा हिशेब त्यांनी कधी धरलाच नव्हता.

"बरी आहे," वहिनी स्वतःच म्हणाल्या. पलीकडे एकदम सामसूम झाली. त्या सामसुमीत म्हाताऱ्याच्या छातीतली घरघर त्यांना स्पष्ट ऐकू आली. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडल्याचंही ऐकू आलं. त्यांनी हात पुढे करून फोन बंद केला.

"अजून दोन राहिलेत," त्या डेसिबलला म्हणाल्या. "लावा."