रीवा मावशीचा तिसरा जोड

शेवटच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या पायांत मण्यांनी मढवलेले मोकासिन, म्हणजे मऊ कातडी जोडे, हवेत, याबद्दल आमच्या ग्रँड नदीकाठी दुमत नाही. रीवा मावशीने असे दोन जोड आजवर झिजवले होते, आणि एक्क्याऐंशीव्या वर्षीही तिचा मुक्काम हलण्याचं लक्षण नव्हतं.

तिच्या भाचीने, डार्लीनने, तिसऱ्या जोडाचा धागा दातांनी तोडला. हरणाचं मऊ कातडं, वर काळी मखमल, आणि मखमलीवर स्ट्रॉबेरीची फुलं. मणी एकावर एक चढवून पाकळ्या अशा फुगवल्या होत्या, की चिमटीत धराव्यात.

"पिवळा जरा जास्तच झाला," मावशी म्हणाली.

"वर गेल्यावर कोण विचारणार आहे तुला?"

"माझी आई. तिच्या नजरेतून काही सुटत नाही."

डार्लीनने जोड खोक्यात घातला आणि झाकणावर हात तसाच ठेवला.

"मावशे, हा शेवटचा. सुईचं नेढं मला आता दिसत नाही, चाचपून ओवते. हा नाचायला न्यायचा नाही. नेलास तर तुला कापडी बुटांत पाठवीन."

मावशीने मान डोलावली. इतक्या पटकन, की डार्लीनला संशय आला.

शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये नाच होता. मावशी खरोखरच नातवाचे रबरी तळाचे बूट घालून आली. डार्लीन निर्धास्त होऊन मक्याचं सूप वाढायला उभी राहिली.

गायकांनी ढोल धरला, बायकांचा नाच पुकारला. यात पाऊल उचलायचं नसतं. जमिनीला घासत सरकायचं. मोकासिनचे तळ झिजतात ते यातच. रबर मात्र सरकेना. मावशी चार पावलांत अडली आणि बाकावर येऊन बसली.

"बरं नाही का गं रीवा?" डार्लीनशेजारी पाव वाटणाऱ्या एल्व्हाने विचारलं.

"ठणठणीत आहे," मावशी म्हणाली. "मला जपून ठेवलंय."

बाकाखाली तिचे दोन्ही पाय तालावर हलत होते. डार्लीनने ते पाहिलं. मग छताकडे पाहिलं, ढवळायची गरज नसलेलं सूप ढवळलं, आणि पुन्हा पाहिलं. पळी एल्व्हाच्या हातात देऊन तिने गाडीची किल्ली उचलली.

पंधरा मिनिटांत ती खोकं घेऊन परतली आणि मावशीपुढे गुडघे टेकून बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"आणि माझा प्रवास?" मावशीने विचारलं.

"चवड्यावर भार देऊ नको. एवढं ऐकलंस तरी खूप झालं."

मावशी उठली. पोरींनी रांगेत जागा करून दिली, आणि स्ट्रॉबेरीची फुलं जमिनीलगत सरकत निघाली. पिवळा जास्त झाला आहे, असं कुणीही म्हणालं नाही. डार्लीनही तिच्या मागोमाग रांगेत शिरली. मावशी सात गाणी नाचली आणि आठव्यालाही उभीच होती.

हॉलची जमीन सिमेंटची आहे.